ट्रॉम्ब्याला गेलेली सुरमई

'बुधवार, १४ फेब्रुवारी १९६२. पहाटे गारवा, दुपारनंतर वायव्येचा वारा. अष्टग्रही होऊन दहा दिवस लोटले. जग आहे तिथेच आहे, सासूबाईंचा जप मात्र अजून चालू. निवडणुकीची जीप दोनदा गल्लीतून ओरडत गेली. बाजारात बांगडा नाही, तारली भरपूर. ट्रॉम्ब्याहून पत्र आले. शनिवारी त्यांचे श्री. राघवन बोटीने येत आहेत. मालवणचे आकडे दुसऱ्या कुठल्याच किनाऱ्याशी जुळत नाहीत, पाहणी करून हे काम रत्नागिरीला हलवण्याचा विचार आहे, असे लिहिले आहे. रात्री जेवण गेले नाही.'

एवढं लिहून सत्यवती साळगावकरने पेनाला टोपण लावलं. पत्रातलं इंग्रजी मोठं सभ्य होतं. पण बेळगावच्या कॉन्व्हेंटात शाळा झालेल्या बाईला सभ्य इंग्रजीतला नकार लांबून ओळखू येतो. पाहणी हा नुसता उपचार होता. काम हातचं जाणार होतं.

आणि जाणार होतं म्हणजे तरी काय? महिन्याकाठी मासळीच्या पुडीचा एक डबा, आणि छपरावर ठेवलेल्या ताटलीत साठलेली धूळ. मालवणच्या बाजारात कुणाला सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता. पण सत्यवतीला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. इंटर सायन्सच्या वर्गात बसून तिला जेमतेम सहा महिने झाले होते, तेव्हा भिकाजी साळगावकरांचं स्थळ आलं. मालवण बंदरावर चुन्याचा आणि कौलांचा व्यापार, एकुलता मुलगा, माणूस सरळ. नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून कुणी नाही म्हटलं नाही. कॉलेजातला पांढरा कोट तिने धाकट्या बहिणीला दिला आणि मालवणात येऊन ती सोलकढी, आंबोळ्या आणि सासूबाईंची औषधं यांत रमली. रमली हे खरंच. तिच्या घरात दुःख नव्हतं. फक्त संध्याकाळी वही उघडली की वारा कुठला, पाऊस किती, भरती केव्हा, हे लिहिल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

छप्पन्न सालच्या ऑगस्टात वर्तमानपत्रात बातमी आली की मुंबईजवळ ट्रॉम्ब्याला आपल्या माणसांनी अणुभट्टी चालू केली, आशियातली पहिली. ती भट्टी पाण्याच्या खोल तळ्यात बुडवलेली असते आणि चालू झाली की पाण्यात निळा उजेड पडतो. सत्यवतीने ही बातमी सासूबाईंना, म्हणजे यमुनाबाईंना, मोठ्याने वाचून दाखवली.

"पाण्यात भट्टी?" यमुनाबाई म्हणाल्या. "चुन्याच्या भट्टीत पाणी गेला तर काय होता, ता तुझ्या घोवाक इचार."

"ही तशी भट्टी नाय, आई."

"भट्टी ती भट्टी. आणि निळो उजेड म्हणशीत तर आमच्या समुद्रात पावसाच्या तोंडार रोज दिसता. त्येची बातमी कोण छापना नाय."

पुढच्या जानेवारीत पंतप्रधानांनी त्या भट्टीचं नाव 'अप्सरा' ठेवलं. ते मात्र यमुनाबाईंना आवडलं. तळ्यातल्या बाईला दुसरं काय नाव देणार, असं त्यांचं म्हणणं.

ट्रॉम्ब्याची खरी हकिगत मालवणात आणायचा तो बाळा. बाळा हा सुभद्रेचा दीर, आणि सुभद्रा म्हणजे सत्यवतीच्या घरी वर्षानुवर्षं मासे घालणारी गाबतीण. घरच्या होडीवर भागेना म्हणून बाळा मुंबईला गेला आणि पंचावन्न साली ट्रॉम्ब्याच्या बांधकामावर लागला. होळीला आला की अंगणात बसून सांगायचा, "वयनीनू, थयसर डोंगर आसा, खाडी आसा, होडये आसत, सगळा आपल्यासारख्या. डोंगराच्या पायथ्याक खणतत. काय खणतत ता खणणाऱ्याक ठावक नाय. इचारलंय तर म्हणतत, भारताचा भवितव्य. मी म्हटलंय, भवितव्य एवढ्या खोल आसता?" साठ साली कॅनडाच्या मदतीने दुसरी भट्टी उभी राहिली, मोठ्या गोल घुमटाची. तोवर बाळाला खाकी कपडे मिळून तो फाटकावर पहारेकरी झाला होता. सख्खा भाऊ आला तरी पास बघितल्याशिवाय आत सोडणार नाही, असं तो आता छाती काढून सांगायचा.

त्याच सुमाराला ट्रॉम्ब्याहून मालवणच्या हायस्कुलात चौकशी आली. परदेशांत अणुबॉम्बच्या चाचण्या चालल्या होत्या. त्यांची धूळ वाऱ्याबरोबर पृथ्वीभर फिरते, पावसाबरोबर खाली येते, समुद्रात उतरते आणि माशांच्या हाडांत जाऊन बसते. आपल्या किनाऱ्यावर ती किती येते, हे मोजायचं होतं. त्यासाठी जागोजागी नेमाने नमुने घेणारा विश्वासू माणूस हवा होता. हेडमास्तरांनी कागद वाचला आणि सरळ भिकाजींच्या पेढीवर आणून ठेवला. "तुमच्या घरातून पावसाचं माप घेतात म्हणे," ते म्हणाले.

भिकाजींनी कागद घरी आणून बायकोपुढे धरला. "बग गो, तुज्यासाठी सरकाराक बॉम्ब फुटेपर्यंत वाट बगूची लागली."

असा सत्यवतीचा आणि ट्रॉम्ब्याचा संबंध जुळला. धुळीची ताटली तिने स्वतः छपरावर चढून बसवली. माशांचं काम तेवढं सोपं नव्हतं. मासे त्या गावचे लोक रोज खातात तेच हवेत, सबंध, काट्यापोटासकट हवेत, मीठ न लावता उन्हात वाळवावेत, कुटून पूड करावी, म्हणजे बोटीत वास सुटणार नाही, अशा सूचना होत्या. पण साळगावकरांची सून रापणीवर, म्हणजे मोठं जाळं वाळूवर ओढतात त्या किनाऱ्यावर, जाणार कशी? चांगल्या घरात मासा दारात येतो, बाई माशाकडे जात नाही. शिवाय अंगणात तुळस, आणि घरच्या उखळात सुकी मासळी कुटायला यमुनाबाईंची सक्त मनाई. तेव्हा हे काम सुभद्रेकडे गेलं. महिन्यातून एकदा सुभद्रा पुडीचा डबा आणून ओसरीवर ठेवायची. सत्यवती विचारायची, "मीठ नाय ना घातलंस?" सुभद्रा गळ्याची शपथ घ्यायची. मग सत्यवती झाकणाला लाख लावायची, वर 'बांगडा, मीठविरहित' अशी चिठ्ठी चिकटवायची, आणि डबा मुंबईच्या बोटीने जायचा. बाळा फाटकावरून निरोप पाठवायचा की डबा पोचला, साहेबांनी आत नेला.

गेल्या मार्चपासून पावसाळ्याचे महिने सोडून हे चाललं होतं. आणि आता हे पत्र.

शनिवारी राघवन आले. बोट बाहेर उभी राहिली, पडावातून ते धक्क्यावर उतरले तेव्हा त्यांच्या एका हातात चामड्याची पेटी होती आणि दुसऱ्या हातात बूट. तिशीचा, सडपातळ, मद्रासकडचा माणूस. मराठी येत नव्हतं. भिकाजींनी त्यांना घरी आणलं, सत्यवतीने इंग्रजीत स्वागत केलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. पेटीतून त्यांनी किरणोत्सर्ग मोजणारं एक यंत्र काढलं. ते अंगणात, विहिरीपाशी, छपरावरच्या ताटलीजवळ धरलं. यंत्र मधूनमधून टक् टक् करत होतं.

"आजारी आसा काय ता?" यमुनाबाईंनी सुनेला विचारलं. "मदीच उचकी लागता."

राघवननी काय म्हणाल्या म्हणून विचारलं. सत्यवतीने सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, ही उचकी सगळीकडे असते, मुंबईतही असते, काळजीचं कारण नाही. मग गंभीर होऊन त्यांनी कागद काढले. मालवणच्या पुडीची राख केली की ती वजनाला भलतीच भरते, आणि त्या राखेत जे शोधायचं ते मात्र जवळजवळ सापडतच नाही. वर गोव्यापासून खाली मुंबईपर्यंत, असं म्हणून ते थांबले आणि उलट बोललो म्हणून स्वतःशीच हसले, तर मुंबईपासून गोव्यापर्यंत दुसरीकडे कुठेच असं होत नाही.

"याचे दोनच अर्थ होतात, मिसेस साळगावकर. एक तर तुमचा समुद्र वेगळा आहे, नाहीतर तुमचा डबा. समुद्र वेगळा नाही. मासे वाळवतात ती जागा तुम्ही पाहिली आहे का?"

सत्यवतीने खरं ते सांगितलं. "नाही."

राघवननी कागद गोळा केले. त्यांची घडी ते ज्या सावकाशपणे घालत होते, त्यावरून तिला कळलं की रत्नागिरीचं पक्कं झालं. तिथे शिकलेली सरकारी माणसं होती. ती किनाऱ्यावर जात असतील.

"आज रापण ओढतायत," ती एकदम म्हणाली. "आत्ता चालत गेलो तर जाळं वर येताना दिसेल. मी येते."

ती इंग्रजीत म्हणाली, तरी यमुनाबाईंना कळलं. सुनेने पायात वहाणा घातल्या, एवढ्यावरून कळलं.

"खंय चललंस?"

"किनाऱ्यार, आई. रापणीवर."

यमुनाबाईंनी जपाची माळ मुठीत गच्च धरली. साळगावकरांची सून, परका पुरुष, आणि रापणीची गर्दी. त्यांनी एकवार मुलाकडे बघितलं. भिकाजी कौलांच्या हिशेबात गढल्याचं सोंग करून बसले होते. तिकडून मदत नाही म्हटल्यावर यमुनाबाई उठल्या आणि कोपऱ्यातली छत्री घेतली.

"एकली जावचा नाय. मी येतंय."

अशी तिघं माडांच्या सावलीतून किनाऱ्याकडे निघाली. पुढे राघवन बूट हातात घेऊन, मध्ये सत्यवती, मागे छत्री टेकत यमुनाबाई. वाटेत भेटणारा प्रत्येक जण थांबत होता आणि यमुनाबाई प्रत्येकाला न विचारताच सांगत होत्या, "सरकारी काम आसा."

किनाऱ्यावर दोन्ही अंगांना माणसं दोर खेचत होती, जाळ्याचा फास जवळ येत होता, पाणी चांदीसारखं उसळत होतं. रापणीचा तांडेल बाबली, सुभद्रेचा नवरा, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून शिव्या आणि सूचना एकाच श्वासात देत होता. पाहुण्यांना बघून त्याने शिव्या तेवढ्या गाळल्या. जाळं वाळूवर आलं. तारल्यांचा ढीग, थोडे बांगडे, आणि मध्ये हातभर लांबीची एक सुरमई. राघवननी नाकाला रुमाल लावला. जन्मात मासा न खाल्लेला माणूस तो. ट्रॉम्ब्यात मासा त्याच्यापर्यंत पुडीच्या रूपातच यायचा.

सुभद्रेने त्या ढिगातून आपली पाटी भरली आणि सुरमई वेगळी उचलली. "बरा झाला तुमी इलास," ती सत्यवतीला म्हणाली. "सायबांच्या डब्याचा आताच करून टाकतंय. तेंच्या समोर."

"सुभद्रा, बांगडे खंय? आपला बांगड्याचा ठरला हुता."

"बांगडे कित्या? सुरमय गावली आसा ना."

असं म्हणून ती फतकल मारून बसली. कोयतीने तिने कल्ले उडवले, पोट फाडलं, आतलं सगळं काढून कावळ्यांना भिरकावलं. मग पाठीचा मधला काटा सबंध उपसून तोही टाकला. उरलेलं मांस घेऊन ती लाटेपाशी गेली, फेसाळ पाण्यात दोनदा खळबळून धुतलं, झटकलं, आणि उन्हात तापलेल्या खडकावर मांडायला लागली. सगळं मिनिटभरात, न बघता, जसं वेणी घालावी तसं.

सत्यवती जागच्या जागी उभी राहिली.

"दर महिन्याक असाच करतंस?"

"मगे? घाणीसकट धाडू?"

"आणि मीठ?"

"मीठ कणभर घातलंय तर हात झडतीत माजे. तुमी नको म्हटलास ना? खाऱ्या पाण्यात धुवलंय, तितक्याच. मासो कोण गोड्या पाण्यात धुवता, तुमीच सांगा."

खरंच कोण धुतो? सत्यवतीच्या घरी येणारा प्रत्येक मासा असाच धुतलेला, असाच निवडलेला येत होता. हाडं कावळ्यांनी नेली होती, पोटं कावळ्यांनी नेली होती, आणि समुद्राचं सगळं मीठ पुडीत वाळून बसलं होतं. राख वजनदार का आणि रिकामी का, हे आता कुणी मोजून सांगायची गरज नव्हती. तिने राघवनकडे पाहिलं. त्यांची पाठ होती. ते रुमालाआडून क्षितिजाकडे बघत वाऱ्याची दिशा विचारत होते. त्यांना काहीही कळलं नव्हतं.

"मिस्टर राघवन," ती म्हणाली, "वारा राहू द्या. इकडे बघा. तुमचा डबा हा असा भरला जातो." आणि तिने सगळं सांगितलं. काटा, पोट, खारं पाणी, बांगड्याच्या नावाखाली सुरमई.

राघवन उलट्या पडलेल्या होडीवर बसले. "सगळे डबे?"

"सगळेच."

"म्हणजे मालवणचं वर्ष कोरं." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "मिसेस साळगावकर, रत्नागिरीचा कागद टाइप होऊन तयार आहे. मी आता वर काय सांगू?"

सुभद्रा दोघांच्या तोंडाकडे बघत होती. शब्द कळत नव्हता, पण काहीतरी बिनसलं हे कळत होतं. "काय म्हणता तो? आवाडली नाय काय?"

"कोणाक?"

"सायबांका. माजी सुरमय. कमी वाळली हुती काय? मी भातार घालून बघलंय, बरी लागली."

 सत्यवतीच्या डोक्यात सगळा उलगडा झाला. साहेबांनी डबा आत नेला, हा बाळाचा निरोप. दर महिन्याला न चुकता मालवणहून मागवलेली सुक्या मासळीची पूड. सुभद्रेने वर्षभर पाहुण्यांचं जेवण पाठवलं होतं.

"सुभद्रा," ती हळू आवाजात म्हणाली, "ते खातत खंय? जाळतत."

"काय जाळतत?"

"ती पूड. भट्टीत घालून राख करतत, आणि राख मोजतत."

दोर गुंडाळणाऱ्या माणसांचे हात थांबले. सुभद्रा कोयती घेऊन उभी राहिली.

"माजी सुरमय जाळली?"

"होय गो."

"वर्सभर?"

मागून बाबली खो खो हसत सुटला. "वर्सभर माका घरात सुरमयचो तुकडो गावलो नाय! मागलंय तर म्हणता, ट्रॉम्ब्याक धाडूची आसा, मोठे लोक खातले. आणि तेनी चुलीत घातली! बाळा फाटकार हुबो रवान पहारो करता, तो कोणाचो? राखेचो!"

"तुमी गप रवा," सुभद्रा त्याच्यावर ओरडली. मग सत्यवतीकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की कसलं कोण जाणे. "वयनी, निवडून निवडून धाडलंय हो मी. मालवणचा नाव खराब होवचा नाय म्हणून. काटो लागात तेंका म्हणून काटो काढलंय."

राघवन अस्वस्थ होऊन काय झालं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. सत्यवतीने त्यांना जसंच्या तसं सांगितलं, भातावर घालून बघितल्याचंही. ते उठले. त्यांनी रुमाल खिशात घातला आणि सुभद्रेपुढे हात जोडले. "माफ करना, बाई," एवढंच त्यांना हिंदीत जमलं.

एवढा मोठा साहेब हात जोडतो म्हटल्यावर सुभद्रा गांगरली. पदराने डोळे पुसून तिने पाटीतल्या तारल्यांकडे पाहिलं, खडकावरच्या सुरमईकडे पाहिलं.

"तेंका सांगा," ती म्हणाली, "जाळूचीच आसा तर तारली जाळा. शेपटेसकट, पोटातल्या घाणीसकट जाळा. लोक तीच खातत. सुरमय जाळणा म्हणजे पाप आसा."

सत्यवतीने हे इंग्रजीत सांगितलं, आणि सांगता सांगता तिलाच हसू फुटलं. राघवनही हसायला लागले. वर्षापूर्वी ट्रॉम्ब्याहून आलेल्या सूचनांत नेमकं हेच मागितलेलं होतं.

पण हसून झालं तरी रत्नागिरीचा कागद टाइप झालेलाच होता. सत्यवतीने मन घट्ट केलं. "मला तीन महिने द्या," ती म्हणाली. "पाऊस लागेपर्यंतचे तीन डबे. ते तुमच्या आकड्यांत बसले नाहीत तर खुशाल रत्नागिरीला न्या, मी स्वतः ताटली काढून देईन."

"आणि हे तीन डबे बरोबर भरले जातील हे मी कशावरून लिहू? तुम्ही तर घरात असता."

याचं उत्तर सत्यवतीला माहीत होतं, पण ते एकटीने देण्यासारखं नव्हतं. तिने मागे वळून बघितलं. यमुनाबाई दुसऱ्या एका होडीच्या सावलीत छत्री उघडून बसल्या होत्या. बाबलीने त्यांना शहाळं फोडून दिलं होतं.

"काय म्हणता?" त्यांनी विचारलं.

"म्हणतत, कोण उभा रवान डबो भरून घेतला?"

यमुनाबाईंनी शहाळं संपवलं. घाई केली नाही. "बरो वारो आसा हयसर," त्या म्हणाल्या. "धा वर्सा झाली, मी समुद्र बगूक नव्हतंय. तेका सांग, सून येतली. आणि सुनेवांगडा सासू येतली."

राघवननी ते वाक्य आपल्या कागदावर जसंच्या तसं लिहून घेतलं की काय, कोण जाणे. पण मुंबईला गेल्यावर त्यांनी तीन महिन्यांची मुदत मिळवली एवढं खरं.

त्या तीन महिन्यांत मालवणच्या बायकांना बोलायला दुसरा विषय लागला नाही. सासू-सून रापणीवर जातात. साळगावकरांची सून तारल्या हाताने उचलते, धुतसुद्धा नाही, फडक्याने वाळू पुसते आणि तशाच घरी आणते. आणि घरी काय करते तर दुकानातल्या जुन्या खिडक्यांच्या काचा अंगणात मांडून त्यांवर वाळवते, वर मच्छरदाणी! पोटासकट वाळणाऱ्या तारल्यांचा वास असा सुटला की तिसऱ्या घरची माणसं खिडक्या लावून बसली. भिकाजींचं गिऱ्हाईक पेढीवर येऊन नाक मुरडायचं आणि भिकाजी सांगायचे, "भारताचा भवितव्य वाळता आसा. चार दिवस सोसा."

कावळ्यांना हाकलायला यमुनाबाई काठी घेऊन ओसरीवर बसायच्या. माळ एका हातात, काठी दुसऱ्या हातात, आणि जपाच्या मध्येच "हाड्!". घरच्या उखळात मासळी कुटायची नाही, ही मनाई त्यांनी स्वतःच मोडली. "दुसऱ्याच्या उखळात पुन्हा काय्येक जायत," एवढंच त्या म्हणाल्या.

एप्रिलच्या डब्यात घोटाळा झाला. दुपारी यमुनाबाईंचा डोळा लागला आणि मांजराने मच्छरदाणीखाली शिरून पाव हिस्सा मासळी पळवली. उरलेली पूड ठरल्या वजनात बसेना. सुभद्रा म्हणाली, वर थोडी कालची सुकी तारली कुटून घाला, राखेत काय समजणार आहे? सत्यवतीचंही मन क्षणभर डळमळलं, कारण शेवटच्या आधीचाच डबा होता आणि अपुरा डबा म्हणजे अपुरा आकडा. मग तिने होती तेवढीच पूड भरली आणि सोबतच्या कागदावर लिहिलं, 'वजन कमी. कारण मांजर.' ते लिहून झाल्यावर दोन दिवस ती स्वतःवरच चिडलेली होती. असल्या कारणाचा कागद ट्रॉम्ब्यात कुणी गंभीरपणे वाचेल काय, असं तिला वाटत राहिलं.

मे महिन्यात शेवटचा डबा गेला. त्यानंतर बोट दोनदा आली आणि दोन्ही वेळा टपालात काही नव्हतं. सत्यवतीने छपरावरची ताटली उतरवून धुऊन ठेवली होती, परत करावी लागली तर स्वच्छ असावी म्हणून.

तिसऱ्या बोटीला पाकीट आलं. ती माजघरात उभ्यानेच वाचत होती आणि यमुनाबाई दाराशी काठी टेकून तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मागच्या दारी सुभद्रा पाटी घेऊन आलेली होती, तीही थांबली.

तिन्ही डबे किनाऱ्यावरच्या इतर आकड्यांशी जुळले होते. मासळीत सापडलं ते फार थोडं होतं, खाणाऱ्याने भिण्यासारखं काही नव्हतं. एप्रिलचा डबा अपुरा असला तरी चालून गेला, आणि मालवणच्या कागदावर विश्वास ठेवायला त्याच चिठ्ठीने सोपं गेलं, असं राघवननी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. काम मालवणलाच राहील. पावसाचं पाणी साठवायला काचेच्या दोन मोठ्या बाटल्या पुढच्या बोटीने येत आहेत, त्या पहिल्या सरीआधी बसवाव्यात.

"रवला?" यमुनाबाईंनी विचारलं.

"रवला, आई."

"मगे उबी कित्या? चाय ठेव." आणि मागच्या दाराकडे वळून त्या म्हणाल्या, "सुभद्रा, बस गो. चाय घेवन जा."

सुभद्रा पायरीवर बसली. पाटीतून तिने केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. सुरमईचे चार जाड तुकडे होते, नीट निवडलेले, काटा काढलेले, समुद्रात धुतलेले.

"ह्यो जाळूचो नाय," ती म्हणाली. "तळा."

संध्याकाळी दिवा लावून सत्यवतीने वही उघडली. तारीख घातली, वारा लिहिला, पत्राची हकिगत तीन ओळींत संपवली. मग खाली लिहिलं: 'काचा धुऊन त्यांवर घातलेली आमसुले सुकली. मोठी बरणी भरून लहान अर्धी झाली.'